एका जळक्या जेझवेचे गाऱ्हाणे

मी एक जुनी जेझवा, म्हणजे कॉफी उकळायचे भांडे आहे, आणि मी जळते. मित्रांनो, हसू नका. जिचे बूड रोज निखाऱ्यावर, तिने जळायचे नाही तर काय करायचे? लांब दांडा, अरुंद गळा, बाहेर तांबे आणि आत कल्हई, असा माझा घाट. आमच्या बोस्नियात माझ्याशिवाय कॉफी होत नाही, आणि कॉफीशिवाय लग्न, मयत, भांडण, समेट यांतले काहीच होत नाही.

सारायेवोच्या तांबट आळीत माझा जन्म झाला. माझ्या पत्र्यात कुणा पाशाच्या अंघोळीच्या बंबाचा तुकडा आहे, असे तांबट गिऱ्हाइकांना सांगत असे. शेजारच्या प्रत्येक जेझवेबद्दलही तो हेच सांगत असे. त्या हिशेबाने पाशा हत्तीएवढा असला पाहिजे. पण माझ्या बाबतीत ती गोष्ट खरी होती.

देवलेता नावाच्या नव्या नवरीबरोबर मी द्रेनोवा गावात आले. तिचा नवरा रासिम लाकडाच्या वखारीत कामाला होता. कुंपणापलीकडे स्तोयान्का राहायची, रस्त्यापलीकडे लुत्सा. दुपार झाली की दोघी आमच्या ओसरीवर हजर. देवलेता मशिदीची, स्तोयान्का एका चर्चची, लुत्सा दुसऱ्या चर्चची. कॉफीला देवलेता ‘काह्वा’ म्हणे, स्तोयान्का ‘काफा’ म्हणे आणि लुत्सा ‘कावा’ म्हणे. त्या काव्यात काहीही कावा नव्हता. तीन तोंडे, तीन शब्द, जेझवा एक. ती एक म्हणजे मी! माझा तोरा काय वर्णावा?

आमच्याकडे पाहुण्याला कॉफी तीनदा ओततात. पहिली गळा मोकळा करायला. दुसरी गप्पांची. तिसरीचे नाव सिक्तेरुशा, म्हणजे ‘चालते व्हा’ची कॉफी. यजमानाने तोंडाने काही बोलायचे नाही, तिसरी ओतायची. पाहुण्याने ती प्यायची, टोपी उचलायची आणि उठायचे. ‘आता निघा’ म्हणण्याची याहून सभ्य रीत मी तरी पाहिली नाही.

देवलेताने स्तोयान्काला तिसरी कधीच ओतली नव्हती.

“ओत की एकदा. मला स्वयंपाक आहे घरी,” स्तोयान्का म्हणायची.

“ओतली तर तू जाशील. मग मी भांडू कुणाशी? रासिमशी? तो तर ओंडक्यासारखा गप्प बसतो!”

असे माझे सुखाचे दिवस होते. मग रासिमने एक रंगीत पेटी आणली. टीव्ही! मित्रांनो, मी तिला सवत म्हणते. मी उकळून उतू गेले तरी घरातले डोळे सवतीवर. तिला जाळीचा रुमाल पांघरला. माझी कल्हई मात्र त्या वर्षी राहिली, पुढच्या वर्षीही राहिली. कल्हई गेली की तांब्यात ठेवलेले कळकते, हे तुमच्या आज्यांना विचारा.

सुरुवातीला सवत गाणी म्हणायची. मग तिच्यात पुढारी शिरले. या प्रांताचा एक, त्या प्रांताचा एक, प्रत्येकाच्या मागे वेगळा झेंडा. देश एक होता तेव्हा एकच फोटो भिंतीवर असे. आता भिंती अपुऱ्या पडू लागल्या. कॉफीला खरा शब्द कुठला, यावरही टाय लावलेली विद्वान माणसे तिच्यात भांडत. पहिल्यांदा लुत्सा येईनाशी झाली. ती पोराकडे झाग्रेबला गेली. “तिथं ‘कावा’ म्हटलं की कुणी वळून बघत नाही,” एवढेच ती जाताना म्हणाली.

आमच्या गावालाही एक पुढारी मिळाला. विडोसाव, स्तोयान्काचा भाचा, आत्येनेच वाढवलेला. होता गुरांचा डॉक्टर. गायीच्या पोटात हात घालून आडवे वासरू सरळ करण्यात त्याचा हातखंडा. पुढे तो माणसांच्या डोक्यांत हात घालू लागला आणि सरळ होते ते आडवे करू लागला.

एके दुपारी त्याचेच भाषण सवतीवर लागले. देवलेता आणि स्तोयान्का टक लावून पाहत होत्या. देवलेताचा एक हात माझ्या दांड्यावर. डोळे तिकडे, हात इकडे. विडोसाव गरजला, “उद्या हे लोक तुम्हाला तुमच्याच घरातून उठा म्हणतील!” आणि त्याच क्षणी, मित्रांनो, देवलेताने मोजणी चुकून स्तोयान्काच्या कपात तिसरी ओतली.

मी ओरडले असते. पण जेझवेला गळा असतो, जीभ नसते.

स्तोयान्काने कपाकडे पाहिले, मग सवतीकडे. ती कॉफी तिने उभ्यानेच संपवली. “बरं,” ती म्हणाली आणि निघून गेली. देवलेताला वाटले, हिला स्वयंपाक असेल. दुसऱ्या दिवशी ओसरी रिकामी. तिसऱ्या दिवशीही रिकामी. मग कधीतरी देवलेताने बोटांवर मोजले आणि कपाळाला हात लावला. ती कुंपणाशी जाऊन हाका मारत राहिली. पलीकडची खिडकी मिटली.

त्याच आठवड्यात स्तोयान्काने बाजारातून निळ्या मुलाम्याची एक जेझवा आणली. पत्र्याची! कारखान्यातली! वर पांढरे ठिपके! मिटल्या खिडकीच्या काचेतून ती मला दिसायची. माझी स्तोयान्का त्या ठिपकेवालीतून पीत होती. मी इतकी जळले की म्हणे शेजारच्या बागेतले प्लम वेळेआधी पिकले.

आणि विडोसावला तर आयतेच मिळाले. तो चौकात बोलला, “माझ्या आत्येला यांनी तिसरी ओतली! जो आपल्याला तिसरी ओततो, तो आपल्याला हाकलतो!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॉफीच्या एका घोटावर सभा झाली, सभेवर मोर्चा, आणि मोर्च्यावर गावाच्या वेशीशी बंदुका. इतर गावांतही काही ना काही निमित्त सापडलेच असेल. देश असा घोटाघोटाने संपला.

मग ‘काह्वा’ म्हणणाऱ्यांच्या घराघरातून विडोसावचे लोक पुरुष नेऊ लागले. नेलेले परत येत नव्हते. देवलेताने रासिमला कोळशाच्या खोलीत, पोत्यांमागे बसवले.

भर सकाळी जीप फाटकाशी थांबली. विडोसाव आत आला, बरोबर बंदूकवाली चार पोरे. तो ओसरीवर ऐसपैस बसला.

“रासिम कुठंय?”

“लाकडं आणायला गेलाय,” देवलेता म्हणाली.

“मग येईपर्यंत बसतो. कॉफी टाक. पण मोजून ओत हं!” पोरे खिदळली.

देवलेताने मला हातात घेतले. तिचे डोळे पोरांच्या बंदुकांवर, त्यामुळे मला ठेवताना पाणी विस्तवावर सांडले आणि विस्तव विझला. कोळसा आणायला कोळशाच्या खोलीत जावे लागणार होते. एक पोरगा उठला. “मी आणतो, मावशी.”

तेवढ्यात फाटक वाजले. स्तोयान्का. हातात ती निळी, वाफाळती. रस्त्यावरची जीप तिने स्वयंपाकघरातून पाहिली होती.

“बस खाली,” ती त्या पोराला म्हणाली. “कॉफी मी आणलीय.” ती थेट देवलेताच्या जागेवर बसली आणि कप मांडले.

“आत्या, तू इथं कशाला?” विडोसाव म्हणाला.

“गप. पी.”

त्याने पहिली प्यायली. तिने दुसरी ओतली. तीही संपली. मग त्याच्या डोळ्यांत डोळे घालून तिने तिसरी ओतली, काठोकाठ.

“आत्या, हे घर तुझं नाही.”

“मी ओततेय म्हणजे माझं. काय रे विडो, तिसरी ओतली की काय करायचं असतं? चौकात अख्ख्या गावाला शिकवलंस ना? सांग या पोरांना.”

पोरे आपल्या बुटांकडे पाहू लागली. एकाला हसू आवरेना. विडोसावचा चेहरा बिटासारखा झाला. आपल्या रीतिरिवाजांसाठी बंदूक उचलली, असे तो रोज सांगत होता. आता सगळ्यांच्या देखत रिवाज मोडायचा कसा? त्याने कॉफी गिळली. टोपी उचलली.

“उद्या मी येणार नाही,” तो हळूच म्हणाला. “उद्या दुसरे येतील. त्यांना आत्या नाही.”

जीप गेली. रासिम आणि देवलेता त्याच दुपारी जंगलातून डोंगर ओलांडायला निघाले. निघताना स्तोयान्काने निळी जेझवा देवलेताच्या बोचक्यात कोंबली. “घे. पत्र्याची आहे, हलकी.” आणि मला, पाशाच्या बंबाच्या लेकीला, तिने शालीखाली धरून आपल्या घरी नेले.

आता सांगा, मी का जळू नये? तीन बायकांची मी, पण रासिमचा जीव वाचवला त्या ठिपकेवालीने! परदेशही तिनेच पाहिला. मी स्तोयान्काच्या फडताळात होते. ती एकटीच कॉफी करायची आणि दोन कप मांडायची. दुसरा तसाच गार व्हायचा. गावात ‘काह्वा’ म्हणणारे कुणी उरले नव्हते. तीन शब्दांतला एकच उरला, आणि मित्रांनो, कॉफी पाण्यासारखी लागायची.

पुष्कळ वर्षांनी फाटक वाजले. देवलेता आली होती, काठी टेकत. बोचक्यातून तिने निळीला काढले. तिच्या बुडाचा मुलामा उडाला होता, ठिपके गेले होते. मला फार बरे वाटले.

दोघी ओसरीवर टेकल्या. मग देवलेता म्हणाली, “मोजणी चुकली होती गं.”

“मला त्या दिवशी फाटकाशीच कळलं होतं,” स्तोयान्का म्हणाली. “पण मागं वळायला एका जीपची वाट बघावी लागली.”

स्तोयान्काने मला शेगडीवर ठेवले. पहिली ओतली, दुसरी ओतली. तिसरी ओतली तशी देवलेताने काठीकडे हात नेला. “बस गं,” स्तोयान्का म्हणाली आणि चौथी ओतली. चौथीला आमच्याकडे नावच नाही. आणि ती माझ्यातून ओतली गेली, हे त्या निळीने नीट ऐकून ठेवावे.

मित्रांनो, बाहेरून खुशाल जळा, पण आतली कल्हई जाऊ देऊ नका. आणि ओतताना मोजणी कधी चुकलीच, तर तिसरीवर थांबू नका.