चौदावी चूक

पिक्चरमध्ये सात खून होते, आणि मेलेल्या सातांपैकी सहा जण शुक्रवारी बाराच्या पहिल्या खेळाला जातीनं हजर होते. कोपरगावच्या टॉकीजच्या पायऱ्यांवर नवे कपडे घालून, घरच्यांना घेऊन उभे. पहिला खून झालेला सूर्यभान पेढ्यांचा बॉक्स घेऊन फिरत होता. दुसऱ्या खुनातली छबूबाई एरवी कारखान्याच्या रस्त्याला भाजी घेऊन बसते. ती आज जरीचं लुगडं नेसून आली होती आणि येईल त्याला बजावत होती, "मी मेले की टाळ्या वाजवायच्या बरं का. गप बसाल तर बगा!"

दया गायकवाड पायऱ्यांच्या कडेला पर्स पोटाशी धरून उभी होती. तिसऱ्या खुनाकडून ती एकटीच आली होती.

तिसरा खून तिच्या नवऱ्याचा होता, शलमोन सरांचा. पिक्चरमधल्या मारेकऱ्यानं त्यांना मारलं ते खोटं खोटं. पुढं तीन महिन्यांनी त्यांच्या हृदयानं ते काम खरंच केलं, बँकेच्या रांगेत, भर अकरा वाजता, पासबुक हातात असताना. त्याला आता अकरा महिने झाले होते.

दारावरच्या रंगनाथनं तिकीट हातात घेतलं आणि सवयीनं तिच्या खांद्यामागं पाहिलं.

"एकच?"

"एकच."

त्यानं तिकीट फाडलं, जरा जास्तच हळू.

बावीस वर्षं ती दोघं या दारातून जोडीनं आत गेली होती. सतरा नंबरच्या खुर्चीत ती, अठरात सर. नगरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात ती पिक्चरवर लिहायची आणि सदराचं नावच होतं 'खुर्ची नंबर सतरा'. शिकलेली म्हणाल तर दहावीला गणितात गेलेली. पण लग्नानंतर सात वर्षं घराच्या ओट्यावर व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी चालवली. गिऱ्हाईक कॅसेट परत करताना विचारायचं, "कसा वाटला तुम्हाला?" तिथून जे बोलायला लागली, ते पुढं कागदावर उतरलं.

सदर वाचणारे मात्र ते खालून वर वाचायचे. कारण शेवटी चुकांची यादी असायची. हिरोच्या गालावरचा तीळ कुठल्या प्रसंगात सरकला, सासूबाईंच्या हातात किती बांगड्या होत्या आणि पुढच्या खोलीत गेल्यावर किती उरल्या. आणि या चुका, हे फक्त तिलाच माहीत होतं, बऱ्याचशा सरांच्या होत्या. चित्रकला शिकवणारा माणूस, नजर जात्याच बारीक. अंधारात चूक दिसली की ते खुर्चीच्या हातावर बोटानं एकदा टक् करायचे. ते टक् ऐकलं की दया वहीत रेघ ओढायची. चूक कुठली, ते घरी चहाच्या वेळी.

सर गेले आणि सदर थांबलं. अकरा महिने संपादक राधाकृष्ण यांनी जागा धरून ठेवली. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "बाई, शनिवारी चारपर्यंत मजकूर पाहिजे. नाहीतर तिथं मी लोणच्यांच्या कृती सुरू करतो. वाईट वाटून घेऊ नका." वाईट वाटण्यापेक्षा तिला भीती वाटली होती. यादी तिला एकटीला जमते का, हे तिला ठाऊकच नव्हतं.

दिवे गेले.

'चारी नंबर नऊ' हे पिक्चरचं नाव. कालव्याचं पाणी शेताकडं नेणारी चारी. पाणी सुटायच्या आदल्या रात्री मारेकरी एकाला मारतो आणि कोरड्या चारीत टाकतो, म्हणजे सकाळी पाणी येऊन पुरावा धुऊन नेतं. कल्पना चांगली होती. पण दिग्दर्शक अमृत दहा वर्षं लग्नाचे व्हिडिओ करत होता आणि हाताची सवय जात नाही. पहिलं प्रेत दिसलं ते बदामाच्या आकारातून. दुसऱ्या प्रेतावर गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. छबूबाईनं स्वतःच्या मरणाला स्वतःच टाळ्या वाजवल्या. मागून तिची सून म्हणाली, "आत्याबाई, मरताना पदर तेवढा नीट घेतला!"

"मंग! कॅमेरा हुता फुडं."

दयानं वहीत रेघा ओढायला सुरुवात केली. एक, दोन, चार. अंधारात, टक् न ऐकता. डोळे आपलं काम करत होते.

मग तिसरं प्रेत आलं.

कॅमेरा वरून खाली बघत होता. चारीच्या तळाशी शलमोन सर उताणे पडले होते. अख्ख्या पडद्याएवढे. अंगात पांढरा शर्ट. शूटिंगहून आले तेव्हा या शर्टावरून ती किती बोलली होती. "इस्त्रीचा शर्ट घालून कुणी प्रेत होतं का हो? आणि आडवंच पडायचं होतं तर घरी काय कॉट नव्हती?" सर चल म्हणत होते, तरी ती शूटिंगला गेलीही नव्हती. शर्टाचं दुसरं बटण तिनं निळ्या दोऱ्यानं लावलं होतं, पांढरा संपला म्हणून. कुणाला दिसतंय, असं तेव्हा वाटलं होतं. आता ते बटण परातीएवढं दिसत होतं.

इन्स्पेक्टर झालेला माणूस वाकला, त्यानं सरांचं मनगट धरलं आणि म्हणाला, "मरून बारा तास झालेत."

बटण वर आलं. खाली गेलं.

दया पुढं सरकून बसली. बटण पुन्हा वर आलं, सावकाश, झोपलेल्या माणसाचं यावं तसं, आणि खाली गेलं. चर्चच्या गायकवर्गात तीस वर्षं गायलेला माणूस. "दम म्हणाल तर माझ्याइतका या तालुक्यात कुणाचा नाही," असं सांगून गेला होता. चार वेळा बटण वर आलं, चार वेळा खाली गेलं. मग पडद्यावर पोलिसांची जीप आली.

तिचं बोट अठरा नंबरच्या खुर्चीच्या हातावर होतं. टक् तिनंच केलं होतं. वहीत रेघ मात्र ओढली नाही.

खेळ सुटल्यावर अमृत तिला समोरच्या हॉटेलात घेऊन गेला. पस्तिशीचा, डोळ्यांखाली काळं झालेला. शाळेत सरांच्या हाताखाली चित्रं काढलेला. छबूबाई बोलवल्याशिवाय शेजारच्या बाकावर येऊन टेकली.

"काकू, खरं सांगा," अमृत म्हणाला. "आधी चुका सांगा. सोमवारी फाईल मुंबईला जायची आहे. मोबाईलवर पिक्चर दाखवणारी कंपनी आहे, त्यांनी घेतो म्हटलंय. त्याआधी जेवढं दुरुस्त होईल तेवढं करतो."

दयानं वही उघडली. "पोलीस जीपच्या काचेवर चि. सौ. कां. चं स्टिकर अर्धं तसंच आहे."

"अरे देवा."

"संध्याकाळी ऊस कमरेएवढा, सकाळी त्याला तुरा आलाय. इन्स्पेक्टरच्या छातीवर दोन वेगवेगळी आडनावं. मारेकरी चारीत उतरतो चपलेनं आणि वर येतो बुटानं. प्रत्येक घरातल्या घड्याळात चार दहा. कुठून आणलंस ते घड्याळ?"

"एकच होतं, काकू. आमचंच. बंद पडलेलं."

ती सांगत गेली, तो लिहीत गेला. तेराव्या चुकीला तिनं वही मिटली.

"आणखी?"

"बस. तेरा."

"आन् सर हालत हुते त्ये?" छबूबाई म्हणाली. "प्वाट वर-खाली, वर-खाली. म्या म्हन्लं आता उठून बसत्यात का काय!" आणि मग दयाचं तोंड पाहून तिनं जीभ चावली. "न्हाई म्हंजी... मला तर ग्वाडच वाटलं, बाई."

अमृतनं पेन खाली ठेवलं.

"मला ठाऊक आहे ते, काकू. सरांनाही ठाऊक होतं. शॉट झाल्या झाल्या म्हणाले, 'अमृत, परत घे. माझा श्वास सुटला.' मी म्हटलं, सर, कुणाला दिसणार आहे? तर म्हणाले, 'कुणाला नाही, पण आमच्या घरी एक बाई आहे. तिच्या डोळ्यांतून काही सुटत नाही. माझ्यासकट.' परत घेणारच होतो, तेवढ्यात कालव्यावरचा पाटकरी ओरडत आला, पाणी सुटलंय, निघा बाहेर. सर घोट्याएवढ्या पाण्यातून पळत वर आले."

चहावर साय धरली होती. दयानं ती बोटानं बाजूला केली, पण चहा प्यायली नाही. आजवर तिला वाटत होतं की डोळे त्यांचे, आपण नुसत्या लिहिणाऱ्या. आणि त्यांनी एवढ्या लोकांत हे भलतंच सांगून ठेवलं होतं.

"चित्र तेवढं थांबवायचं, फ्रीझ म्हणतात त्याला. दोन मिनिटांचं काम," अमृत म्हणाला. "पण माझा हात धजावला नाही. तुम्ही सांगाल तसं. ठेव म्हणाल तर ठेवतो."

"मुंबईचे लोक हसतील तुला."

"हसू देत."

हे तो म्हणाला, पण खाली बघून म्हणाला. तीन वर्षं त्यानं या पिक्चरपायी लग्नसराईतली कामं सोडली होती.

"उद्या सांगते," दया म्हणाली.

शनिवारी सकाळी तिनं टेबल खिडकीशी ओढलं. कुकरमध्ये एका माणसाचा भात. अजूनही अंदाज चुकतो आणि उरतो. तो संध्याकाळी फोडणीला पडतो.

लिहायला बसल्यावर हात हळूहळू सुटला. तिनं लिहिलं, की रक्त काकवीसारखं घट्ट आहे आणि माश्या त्यावर खरोखर बसल्या आहेत, तेव्हा ते काकवीच असावं. मारेकरी खून का करतो हे शेवटी वीस मिनिटं सांगितलंय, ते सांगितलं नसतं तर पटलं असतं. पण एक प्रसंग आहे: खून करून मारेकरी घरी येतो आणि आईसाठी पाणी तापवून तिचे पाय धुतो. तिथं कुणी बोलत नाही, संगीत नाही, पाकळ्या नाहीत. एवढा एक प्रसंग ज्याला सुचला, त्यानं पुढचा पिक्चर जरूर करावा. आणि लग्नं घ्यावीत, पण सवय घरी ठेवून यावं.

मग चुका. एक ते तेरा.

तेराच्या खाली पेन थांबलं.

नाही लिहिलं तर कुणाला कळणार होतं? अमृत ठेवतो म्हणालाच होता. कुठं पुण्यात, नाशकात कुणी मोबाईल उघडला असता की सरांचं बटण वर-खाली झालं असतं. लोक हसले असते, हसू देत. श्वास तर चालू राहिला असता. अकरा महिन्यांत तिनं दवाखान्यात, बँकेत, पेन्शनच्या कचेरीत, चर्चच्या रजिस्टरवर, सगळीकडं सही करून दिली होती की हा माणूस नाही. आता हे आणखी एक. श्वास घेणं ही चूक आहे, असं आपल्याच अक्षरात लिहायचं.

बाहेर शेजारची निकिता दोरीवर कपडे टाकत होती. पुण्याहून मुलीचा फोन वाजून बंद झाला. दयानं उचलला नाही.

सरांचा सख्खा भाचा एकदा एका पिक्चरात डॉक्टर झाला होता. घरचा म्हणून सोडून द्या, असं ती म्हणाली होती. पण त्याच्या एका प्रसंगात खुर्चीच्या हातावर पाच वेळा टक् टक् झालं होतं. वर घरी येऊन म्हणाले होते, "अगं, चूक दिसूनही सांगितली नाही, तर त्याला वाटेल आपण बघितलंच नाही."

दयानं पेन उचललं.

'१४. तिसरं प्रेत श्वास घेतं. शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडं पाहा. चार वेळा.'

लिहिल्यावर तिनं वाचलं. अक्षर नेहमीसारखंच आलं होतं, याचं तिला नवल वाटलं. मजकूर पाठवला, तेव्हा साडेतीन वाजले होते. मग अमृतला फोन केला.

"थांबव ते."

"नक्की, काकू?"

"प्रेत आहे ना? मग प्रेतासारखं दिसू दे. आणि परत घे म्हणाले होते ना सर? त्यांचं तरी ऐक."

अमृत म्हणाला, "तो आधीचा तुकडा तुमच्या मोबाईलवर पाठवतो. तुमच्यापाशी राहू द्या."

"पाठव. पण तळहाताएवढे सर मला आत्ता बघवायचे नाहीत." ती थांबली. "टॉकीजात कधीपर्यंत आहे रे?"

"गुरुवारपर्यंत. तिथं जुनीच प्रत चालेल."

"बरं."

गुरुवारी बाराच्या खेळाला मेलेल्यांपैकी कुणी आलं नव्हतं. सूर्यभानचा ऊस तोडणीला आला होता, छबूबाईचा बाजार होता. पायऱ्यांवर एक कुत्रं झोपलं होतं. रंगनाथच्या हातात तिचं सदर आलेला अंक होता, शेवटच्या पानाची घडी वर.

"बाई, परत? तुम्हीच तर चौदा चुका काढल्या!"

"काढल्या."

"मंग?"

"त्यातली एक परत बघायची आहे."

रंगनाथनं तिकीट फाडलं. या वेळी खांद्यामागं पाहिलं नाही. आत सतरा नंबरची खुर्ची त्यानं स्वतःच्या रुमालानं झटकून दिली, आणि मग, काय वाटलं कोण जाणे, अठरा नंबरचीही.

बाकी सगळ्या खुर्च्या मोकळ्या होत्या. बदाम आला, पाकळ्या पडल्या, छबूबाई मेली आणि टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, म्हणून दयानंच दोन वाजवल्या. मग चारी आली. निळ्या दोऱ्याचं बटण वर आलं.

दाराच्या पडद्याशी उभा असलेला रंगनाथ न राहवून म्हणाला, "बाई, त्ये प्रेत हालतंय की!"

"दिसतंय मला," दया म्हणाली. "गप बसा."