थांबायला लागणारे दिवस

मित्रांनो, माझ्या कपाळावर ऊन पिणारी एक काळी पट्टी आहे आणि पोटात नुसते आकडे. मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. माझं सातचं बटण खाली बसलं आहे, झाकण कधीच हरवलं आहे आणि वर्गमुळाचं बटण इतकं झिजलं आहे की त्यावरचं चिन्ह आता ओळखीच्या माणसालाच दिसतं. तरी माझं उत्तर आजवर एकदाही चुकलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्याचं खापर माझ्याच डोक्यावर फोडलं गेलं.

माझे पहिले मालक रस्त्यांच्या कामावर मोजणीदार होते. ते मला रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवत. आधी मनात अंदाज बांधत, मग मला विचारत. दोन्ही जुळलं नाही तर शंका माझ्यावर नाही, स्वतःवर घेत. अशा माणसाच्या हाताखाली काम केल्यावर पुढचे दिवस जड जाणारच. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला आपल्या मुलीच्या हवाली केलं. तिला सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणतो.

ताई दातांच्या कवळ्या बनवते. आठवडाभर ती प्लास्टरच्या जबड्यांशी झटते आणि रविवारी दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर ताऱ्यांचा नकाशा पसरते. तिच्या खेळात प्रत्येक जण एक पात्र घेतो, त्या पात्राच्या तोंडून बोलतो, आणि पुढे काय होईल ते ताई सांगते. तिचा धाकटा भाऊ यानाचा कप्तान. त्याचा मित्र खरोखरच वकील आहे, पण खेळात चाचा आहे, म्हणजे यानं लुटणारा दरोडेखोर. त्याला सगळे वकीलसाहेब म्हणतात. आणि ताईची मावशी यानावरची डॉक्टर.

या मावशीबद्दल सांगायलाच हवं. काका गेल्यापासून तिने घराबाहेर पडणं जवळजवळ सोडलं होतं. लग्नकार्याचं बोलावणं आलं की तिचे गुडघे दुखायचे. रविवारी मात्र ती वेळेच्या आधी दारात हजर असायची, गुडघ्यांसकट. ताई आणि धाकटा एकमेकांना कधी बोलून दाखवत नसत, पण दोघांनाही ठाऊक होतं की हा खेळ बंद पडला तर मावशी पुन्हा घरात कोंडून घेईल.

आता माझ्या कामाकडे येतो. एका ताऱ्याहून दुसऱ्याकडे जायला किती दिवस लागतील, हे काढायचं काम माझं. प्रकाशाच्या वेगाची मर्यादा ताईने पहिल्याच दिवशी माफ करून टाकली होती. नियम सोपा होता. अर्ध्या वाटेपर्यंत यानाने वेग वाढवत न्यायचा, मग उलटं फिरायचं आणि उरलेल्या वाटेत तोच वेग कमी करत आणायचा. यान म्हणजे कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा. तो नकाशावर अर्ध्या वाटेवर पोचला की धाकटा म्हणायचा, "कूस बदला." मग चिमटा उलटा व्हायचा आणि सगळे आपापला चहाचा कप उचलून धरायचे. एवढ्या थाटाने उलटायचे की बघत राहावं.

पण हिशेबात? हिशेबात उलटणं नव्हतंच. धाकटा माझ्यावर पूर्ण अंतर टाकायचा, सगळी वाट वेगच वाढवत न्यायचा आणि वर्गमूळ दाबून मोकळा व्हायचा. म्हणजे कप उचलले जायचे, चिमटा उलटायचा आणि माझ्या पडद्यावर ते यान भन्नाट वेगाने मुक्कामाच्या गावात घुसायचं. मित्रांनो, दोन वर्षं मी हे पाहिलं. प्रत्येक रविवारी वाटायचं, आज तरी कुणी विचारेल की हे यान थांबलं कसं. मला बोलता येत नाही. जे विचारलं तेवढंच सांगता येतं. चुकीचा प्रश्न विचारणाऱ्याला बिनचूक उत्तर देत बसणं किती जिवावर येतं, ते माझं मला माहीत.

त्यात हे लोक नकाशावर वाकले की माझ्यावर सावली पडायची आणि आकडे विझायचे. "गेलं वाटतं हे डबडं," असं म्हणून धाकटा मला आपटायचा. मग त्याने मोबाइल काढला. मोबाइलनेही तेच चुकीचं उत्तर दिलं, पण झटकन दिलं, म्हणून त्याचं कौतुक झालं. माझी रवानगी खणात, रबरबँड आणि बिनकामाच्या किल्ल्यांसोबत.

मग मावशीला शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात जावं लागलं. खेळातली तिची डॉक्टर तोवर एका दूरच्या तळावर रुग्ण बघायला थांबली, असं ठरलं. मावशीला घरी सोडायच्या सुमाराला ताईने फासे टाकले आणि दान वाईट पडलं. तळावरचं हवेचं यंत्र बिघडलं. हवा उरली चौदा दिवसांची. धाकट्याने मोबाइलवर बोटं फिरवली आणि निश्चिंतपणे सांगितलं, "बारा दिवसांत पोचतो. मावशीला सांगून टाक."

मावशीला फोन गेला. ती खुशीत येऊन म्हणाली की रविवारी येतेच, माझ्या डॉक्टरला न्यायला.

त्या रविवारी मावशी यायच्या आधी वकीलसाहेब चिमटा हातात घेऊन बसले होते. अचानक म्हणाले, "ताई, उलटल्यावर वेग कमी व्हायला वेळ लागत नाही का?"

ताईने खण उघडला, मला खिडकीत धरलं आणि अर्ध्या अंतराचा हिशेब करून उत्तराची दुप्पट केली. सतरा दिवस आले.

"हे डबडं म्हातारं झालंय," धाकटा म्हणाला. "मोबाइलवर बारा येतात."

मला तळपाय नाहीत, तरी तळपायाची आग मस्तकात गेली.

"मोबाइलला तू थांबायचं विचारलंसच नाहीस," ताई म्हणाली. "दोन वर्षं आपण कुणीच विचारलं नाही."

"मग आजही नको विचारूस. बाराच राहू दे ना! मावशी आत्ता कुठे उठून बसतेय. तिची डॉक्टर मेली तर ती पुन्हा येणार आहे का?"

ताईने मला हातात घट्ट धरलं होतं. तिचा अंगठा माझ्या पट्टीवर होता आणि सतरा विझून गेले होते. मला तिचा राग आला आणि तिची कीवही आली. ती अंगठा उचलेना.

तेवढ्यात मावशी आली. काठी होती, चेहरा उतरलेला होता. खुर्चीत बसल्यावर तिने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"काय लपवताय?"

"काही नाही, मावशी. तू आधी पाणी घे," धाकटा म्हणाला.

"रुग्णालयात रोज सकाळी मला सांगायचे, उद्या सोडतो. गोड बोलायचे अगदी. मी रोज पिशवी भरून बसायची." तिने काठी जमिनीवर आपटली. "मला वीट आलाय त्या गोडपणाचा. इथे तरी एक आकडा खरा असू दे रे."

ताईने अंगठा उचलला आणि मला मावशीच्या हातात दिलं. कुठे काय चुकलं तेही सगळं सांगितलं. मावशीने चष्मा चढवला, झिजलेलं बटण बरोबर शोधलं आणि स्वतः हिशेब केला. सतरा. सावकाश पुन्हा केला. पुन्हा सतरा. तिचे डोळे भरून आले.

"गेली म्हणजे माझी डॉक्टर," ती म्हणाली.

धाकटा चिमट्याची तार उगाच उघडमीट करत होता. खरं सांगतो, त्या वेळी मला बारा दाखवता आले असते तर मी दाखवले असते.

मावशीने डोळे पुसले. "शेवटपर्यंत रुग्ण बघत होती म्हणून लिहा. आणि मला एक कोरा कागद दे."

"कशाला?" ताईने विचारलं.

"नवं पात्र काढायला. आता यान मी चालवणार. तुम्हा कुणाला थांबता येत नाही."

वकीलसाहेबांनी जागेवरून उठून तिला आपली खुर्ची दिली, खिडकीजवळची. तेव्हापासून मीही तिथेच असतो, उन्हात, तिच्या उजव्या हाताशी. चिमटा अजून उलटतो, कप अजून वर जातात, पण आधी मावशी बोट वर करते आणि माझं उत्तर येईपर्यंत सगळ्यांना तसंच ताटकळत ठेवते. चहा निवतो. धाकटा कुरकुरतो.

तर मित्रांनो, तुमच्या घरच्या खणात माझा एखादा भाऊबंद पडला असेल तर त्याला बाहेर काढा, पुसा, उजेडात ठेवा. त्याला आपटू नका. त्याच्यावर आपली सावली पडते आहे का, तेवढं पाहा. आणि किती दिवसांत पोचू असं विचारताना थांबायचे दिवसही त्यात धरा. ते न धरल्यामुळे आमच्याकडे एक चांगली डॉक्टर गेली, आणि मला ते दोन वर्षं आधीपासून माहीत होतं.