राखाडी रुमाल

"आमचं गाव तुम्ही आधी पुसून टाकलंत, आणि आता ते लंडनला देऊन मोकळे होताय," थेल्मा गार्टन म्हणाली, आणि रस्त्याकडेच्या टेलिफोनच्या खोक्यावरचा ओला लाल रंग तिनं बोटानं निपटून काढला. खालचा जुना सायीचा रंग दिसायला लागला.

रंगारी ब्रश हातात धरून थांबला. हे आपल्याला उद्देशून नाही, हे त्याला कळलं असावं. तो नुसता म्हणाला, "बाई, संध्याकाळी पुन्हा होता तसा करून देणार आहोत." आणि तिच्या बोटाची रेघ त्यानं एका फटकाऱ्यात बुजवली.

अख्ख्या इंग्लंडमध्ये टेलिफोनची खोकी लाल. एकट्या हल या बंदराच्या गावात ती सायीच्या रंगाची, कारण इथली टेलिफोन कंपनी गावाच्या स्वतःच्या मालकीची. आता गावात एका सिनेमाचं चित्रीकरण चाललं होतं, आणि तो सिनेमा लढाईतल्या लंडनवरच्या बॉम्बहल्ल्याचा होता. लंडनमध्ये आता तसे जुने रस्ते उरले नव्हते म्हणून सिनेमावाली मंडळी हलला आली होती. खोकी रंगवली, दुकानांच्या पाट्या बदलल्या, कोपऱ्यावर लंडनच्या कुठल्याशा गल्लीचं नाव ठोकलं.

लढाईत हल रात्र-रात्र जळत होतं. छप्पर शाबूत राहिलेलं घर शोधावं लागत होतं. सकाळी रेडिओवर काय सांगायचे? ईशान्य किनाऱ्यावरच्या एका गावावर हल्ला झाला. एका गावावर. लंडनचं नाव मात्र घेतलं जायचं, तेही छाती फुगवून. आमचं नाव घेतलं तर शत्रूला कळेल, असं कारण द्यायचे. ज्यानं बॉम्ब टाकले त्याला पत्ता चांगला ठाऊक होता. ठाऊक नव्हता तो बाकीच्या देशाला. लढाई संपली, तरी ते नाव परत जागेवर ठेवायला कुणी आलं नाही. मग सिनेमे आले, सगळे लंडनचे. ते हलच्या थिएटरांत लागले आणि हलच्या लोकांनी तिकिटं काढून, डोळे पुसत पाहिले.

थेल्मा या सिनेमाच्या गर्दीत उभी राहायला तयार झाली ती एकाच गोष्टीसाठी. आईसाठी.

एकेचाळीसच्या मे महिन्यात ती सहा वर्षांची होती. गल्लीच्या मधोमध, बॉम्बहल्ल्यात आसरा घ्यायला, विटांचा निवारा बांधलेला होता. त्या रात्री तो कोसळला. थेल्मा आणि तिचा भाऊ बाहेर निघाले, आई निघाली नाही. घरही गेलं, घराबरोबर आईचे फोटो गेले. थेल्मापाशी उरलं एकच चित्र: बाकाच्या टोकाशी आई बसलेली, डोक्याला राखाडी रुमाल, आणि ती गातेय. आधी एकटी, मग शेजारीण, मग एकेक करत सगळा निवारा. दिव्यावरून धूळ झरतेय आणि तरी कुणी थांबत नाही. हे तिनं मुलांना सांगितलं, नातवंडांना सांगितलं, चर्चच्या हॉलमध्ये उभं राहून सांगितलं.

आठवणी गोळा करायला लंडनहून निकोला नावाची पोरगी आली होती, तिलाही सांगितलं. निकोलानं तिच्या हातावर हात ठेवला. "किती सुंदर, गार्टनबाई. बहुतेक सगळेच असं सांगतात." थेल्मानं त्यातलं 'सुंदर' तेवढं ऐकलं. दिग्दर्शकाला ते इतकं आवडलं की त्यानं तो प्रसंग सिनेमात घेतला. कपडेपटातल्या बाईनं नटीसाठी तपकिरी रुमाल आणला, तेव्हा थेल्मानं तिला दोनदा परत पाठवलं. राखाडी, दुसरा चालणार नाही.

"आता लंडनची झालीस, आमच्याशी कशाला बोलशील," निवाऱ्याच्या सेटमध्ये तिच्याशेजारी बाकावर बसलेली गावातली ब्लेन्किनबाई म्हणाली.

"बोलीन की. पण सावकाश बोल, तुझं खेडवळ बोलणं मला समजत नाही."

सगळा बाक हसला. मग कुणीतरी शांत राहा म्हणून ओरडलं आणि दिवे लागले.

नटी बाकाच्या टोकाशी बसली होती. गुडघ्यांवर हात, मान किंचित खाली. ती हळू आवाजात गायला लागली. दुसऱ्या ओळीला एकीनं साथ दिली, तिसऱ्या ओळीला पाच-सहा जणांनी. वरून कुणीतरी चाळणीनं धूळ सोडली. थेल्माच्या डोळ्यांतून आपसूक पाणी आलं. कॅमेरा तिच्याकडे वळल्याचं तिला कळलंही नाही.

बाहेर आल्यावर ती तडक भावाकडे गेली.

क्लिफ तिच्याहून सात वर्षांनी मोठा. तीस वर्षं आइसलंडच्या समुद्रात मासेमारीच्या बोटींवर काढलेला, बोलायला कंजूष. थेल्मा त्या रात्रीबद्दल बोलायला लागली की तो उठून चहाचं आधण ठेवायला जायचा. आज तो आला होता ते तिनं हट्ट धरला म्हणून. घडीच्या खुर्चीत बसून कागदातली पॅटी खात होता. बटाट्याच्या लगद्यात सेजचा सुगंधी पाला घालून पिठात बुडवून तळलेली, गावाबाहेर धड मिळत नाही ती.

"पाहिलंस ना दारातून?"

"पाहिलं."

"गायली कशी?"

"चांगली गायली."

"आईसारखी."

क्लिफनं पॅटीचा उरलेला तुकडा कागदात ठेवला आणि कागदाची घडी घातली. मग आणखी एक घडी घातली.

"थेल, आईला गाता येत नव्हतं."

ती हसली. "तुझ्या लक्षात नसेल."

"तेरा वर्षांचा होतो मी. चर्चमध्येसुद्धा ती नुसते ओठ हलवायची. बाबा त्यावरून चिडवायचे तिला."

पुढचं त्यानं मासा साफ करावा तसं सांगितलं, घाई न करता, तिच्याकडे न बघता. त्या रात्रीनंतर दोघं आयव्ही मावशीकडे राहिली. थेल्मा झोपायची नाही. झोपली तर किंचाळत उठायची. चार-साडेचार वर्षं हे चाललं. लढाई संपली त्या हिवाळ्यात मावशीनं दोघांना सिनेमाला नेलं. पडद्यावर लंडन होतं, जमिनीखालचं स्टेशन होतं, माणसं दाटीवाटीनं बसलेली, आणि डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई गायला लागली. थेल्मा खुर्चीतून उठून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, ती बघ आई. मागचे लोक खाली बस म्हणून ओरडले. त्या रात्री ती पहिल्यांदा उजाडेपर्यंत झोपली. दुसऱ्या दिवशी मावशीनं क्लिफला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, याबद्दल तू एक शब्द बोलायचा नाहीस.

"आणि तू बोलला नाहीस," थेल्मा म्हणाली.

"झोपायला लागली होतीस."

"कुणीच गायलं नव्हतं?"

"कुणीच नाही." क्लिफनं कागदाची ती घडी खिशात घातली. "रुमालही राखाडी नव्हता. लाल होता, बाजारातून मीच आणला होता तिच्यासाठी. त्या सिनेमात सगळंच राखाडी होतं, थेल."

थेल्मानं समोर पाहिलं. टेलिफोनच्या खोक्यावर रंगाऱ्यानं दुसरा हात फिरवला होता. सायीचा रंग कुठेच दिसत नव्हता. तिच्या बोटाच्या पेरात मात्र सकाळचा लाल रंग वाळून बसला होता. तिनं तो नखानं खरवडायला घेतला, मग थांबली.

आतून हाक आली. पुन्हा एकदा घ्यायचं आहे, सगळ्यांनी आपापल्या जागी बसा. निकोला धावत आली आणि म्हणाली की गार्टनबाईंचं रडणं फारच खरं आलंय, अगदी तसंच पुन्हा पाहिजे. एवढं सांगून ती तशीच आत गेली. निवाऱ्याच्या दारातून ब्लेन्किनबाई बाकावरच्या मोकळ्या जागेवर हात आपटून खुणावत होती.

क्लिफ गुडघ्यांवर हात टेकून उठला.

"तुला चहा आणतो," तो म्हणाला.

थेल्मानं त्याची बाही धरली.

"चहा राहू दे. बस खाली." आतलं गाणं सुरू झालं होतं. तिनं बाही सोडली नाही. "मग आई काय करत होती, क्लिफ? मला सांग. काय करत होती ती?"