मोतीलाल वकिलाचं चरित्र

मोतीलाल वकिलाचं चरित्र लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. इतकी वर्षं मी याच संधीवर डोळा ठेवून होते.

मी सीमा, त्याच्या शहाद्याच्या ऑफिसातली टायपिस्ट. त्याच्या पंच्याहत्तरीचा सत्कार होता, त्याच्या मुलाला निवडणुकीचं तिकीट हवं होतं. "मन्हं चरित्र लिखी दे, पोर," तो म्हणाला. "गरीबसकरता काय करं ते बी टाक."

सायकलवरून कोर्टात जाणारा तरुण वकील, मग जिल्हा परिषद, मग दोनदा आमदार, इथवर सोपं होतं. गरिबांसाठी मात्र ठणठणगोपाळ. माझ्या आजोबांची जमिनीची केस लढता लढता या कुंपणानंच शेत खाल्लं होतं. आदिवासीची जमीन त्याला स्वतःच्या नावावर घेता येईना, म्हणून ब्राह्मणपुरीची ती बारा एकर त्यानं आपल्या भिल्ल गड्याच्या, म्हणजे माझ्या बापाच्या, नावावर चढवली. सातबारा रायसिंगचा, केळी वकिलाची. त्याच बागेत माझ्या आईनं, कालीबाईनं, एक फणी तोडली म्हणून त्यानं चारचौघांत तिला चप्पल दाखवली होती. मी तेव्हा सात वर्षांची होते. ती चप्पल मी विसरले नाही.

मी लिहिलं: 'वकीलसाहेबांनी आपल्या इमानी गड्याला बारा एकर बागेचं धनी केलं.'

वाचून तो खूश झाला. जमीन खाल्ली म्हणून बोंबलणाऱ्या विरोधकांची तोंडं बंद होणार होती. रायसिंग आपल्या शब्दाबाहेर कुठे जातो, असंही त्याला वाटलं असणार. सत्काराला त्यानं ते वाक्य स्वतः माइकवर वाचलं आणि बापाला शाल पांघरली. टाळ्या पडल्या. मी मोबाइलवर सगळं टिपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं बागेत घड काढायला लागलो. वकील गाडीतून उतरला.

"रायसिंग, हाई काय करी ऱ्हायना?"

बाप घड काढत राहिला. मी मोबाइल पुढे धरला. त्यात वकिलाचाच आवाज होता. कोर्टात जायचं तर आधी आदिवासीची जमीन चोरून खाल्ल्याचं कबूल करावं लागलं असतं, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्याचा चेहरा उतरलेला बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आईनं एक फणी कापून त्याच्यापुढे धरली.

"लई जा, साहेब. आम्ही कोनले चप्पल दखाडतस नही."

त्यानं हात पुढे केला नाही. आईनं फणी त्याच्या पायाशी ठेवली आणि पुढच्या घडाकडे वळली.