सरका जी, सरका!

रेणू बसमध्ये असतानाच मेसेज आला: ‘लवकर ये. तू सगळीकडे आहेस.’

मेसेज मोरेश्वरकाकांचा होता. ते तिच्या टीममधले सगळ्यात जुने इंजिनिअर, मूळचे पुण्याचे, पन्नाशी कधीच ओलांडलेले. ऑफिसात बाकी सगळे त्यांना ‘मो’ म्हणायचे. रेणूला दोन वर्षांत ते काही जमलं नव्हतं.

‘म्हणजे काय काका?’ तिनं विचारलं. उत्तरादाखल नुसतेच हसून रडणारे चेहरे आले, एक संपूर्ण ओळ भरून.

बाहेर सिॲटलजवळच्या रेडमंडचा पाऊस रिपरिपत होता आणि बस सिग्नलपासून हलायला तयार नव्हती. नेमकी आजच. त्यांच्या कंपनीनं जेवण पोचवणाऱ्या रोबोंसाठी सॉफ्टवेअर बनवलं होतं. रोबो बाहेरून यायचे, त्यांच्या डोक्यात काय असावं हे रेणूची टीम ठरवायची. आज ते रोबो पहिल्यांदाच कंपनीच्या सगळ्या इमारतींत एकदम सुटणार होते. शिवाय स्पोकॅनच्या एका हॉस्पिटलची माणसं ते बघायला येणार होती. आवडलं तर वॉर्डावॉर्डांत औषधं पोचवायला हेच सॉफ्टवेअर.

रेणू धावतच लॉबीत शिरली. छत्री मिटवते न मिटवते तोच कोपऱ्यापलीकडून खणखणीत आवाज आला.

“सरका जी, सरका! रस्सा सांडन!”

तिचा स्वतःचा आवाज.

कोपऱ्यावरून कमरेइतका उंच, पांढरा, गुळगुळीत रोबो ऐटीत वळला आणि तिच्यासमोर येऊन थांबला.

“काऊन उभे राह्यले बाप्पा मधात? सरका!”

रेणू सरकली.

झालं होतं ते असं. रोबोचा खरा आवाज एका व्यावसायिक बाईंचा, गोड इंग्रजी आवाज होता. पण ते रेकॉर्डिंग यायला उशीर झाला, म्हणून कुठलं वाक्य कुठे वाजतंय हे तपासण्यापुरतं रेणूनं स्वतःच्या आवाजात काहीबाही भरून ठेवलं होतं. इंग्रजीत बोलायला लागलं की तिला आपण इंटरव्ह्यू देतोय असं वाटायचं. म्हणून मराठीत, आणि तेही नागपूरच्या घरात, भरल्या पंगतीत वाढताना निघतं त्या मराठीत. लॅबमध्ये एकटी होती, ऐकणारं कोणी नव्हतं, त्यामुळे फारच रंगात आली होती. शुक्रवारी खरा आवाज आला, तो तिनं घातलाही. पण सकाळी रोबोंमध्ये चुकून जे चढलं ते जुनं, तपासणीचं व्हर्जन.

“काका!” ती जिन्याकडे धावली. मोरेश्वरकाका जिन्याच्या पायरीवर बसले होते. चष्मा हातात, डोळ्यांतून पाणी.

“अगं, दुसऱ्या मजल्यावर एक रोबो लिफ्टसमोर उभा आहे,” ते कसेबसे म्हणाले, “आणि ओरडतोय, ‘दार उघडा ना जी, मी काय इथंच म्हातारी होऊ?’”

“काका, हसू नका! माझी नोकरी जाईल. व्हिसा जाईल!”

“जाऊ दे गं. असं हसू पुन्हा मिळायचं नाही.”

तेवढ्यात अनिका आली. अनिका त्यांची मॅनेजर, याच देशातल्या एडिसनला जन्मलेली आणि तिथेच वाढलेली. तिला मराठी निम्मंअर्धं कळायचं, बोलायची ती इंग्रजी मिसळून, मोडकंतोडकं.

“रेणू. इज दॅट यू?”

“हो. म्हणजे, येस. सॉरी. आत्ता बंद करते सगळे.”

“बंद नाही करायचं!” अनिका दबक्या आवाजात ओरडली. “लंच ट्रेमध्ये आहे, सगळे हंग्री आहेत. अँड द हॉस्पिटल पीपल आर हिअर. लूक.”

काचेपलीकडच्या लांब पॅसेजमध्ये खरोखरच पाहुणे उभे होते. पुढे पांढऱ्या केसांच्या एक उंच बाई, हॉस्पिटलच्या हेड नर्स. पॅसेज माणसांनी भरलेला, प्रत्येकाची मान फोनमध्ये. मागच्या महिन्यातल्या चाचणीत नेमकं इथेच घोडं अडलं होतं. रोबो ‘एक्स्क्यूज मी, प्लीज’ म्हणत राहायचा, लोक ढिम्म हलायचे नाहीत आणि सूप गार व्हायचं.

“सरका जी, सरका!”

गर्दी दुभंगली. माना वर झाल्या, माणसं भिंतींना चिकटली. मागून दुसरा रोबो आला, “हात नका लावू, सांगून ठेवते!” आणि त्याच्या डोक्यावर टपली मारायला निघालेल्या एका दाढीवाल्या दांडगोबानं हात खिशात घातला. मग सगळा पॅसेज खो खो हसायला लागला. कोणीतरी ‘सार्का! सार्का!’ असं ओरडून बघितलं आणि दुसऱ्यानं त्याला खरोखरच वाट करून दिली.

हेड नर्स सरळ अनिकाकडे आल्या. “ही काय म्हणतेय?”

अनिकानं रेणूकडे बघितलं. रेणूनं मोरेश्वरकाकांकडे बघितलं. काकांनी छताकडे.

“ती म्हणतेय,” रेणू इंग्रजीत म्हणाली, “बाजूला व्हा, ग्रेव्ही सांडेल.”

“आणि त्याआधी?”

“मधे का उभे राहिलात, असं.”

“आणि तो वर बघितलेला? लिफ्टपाशी?”

“ती म्हणतेय, मी इथेच म्हातारी होऊ का.”

हेड नर्सचे खांदे हलायला लागले, आणि त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की त्यांच्याबरोबरचा टाय लावलेला माणूस दचकलाच. “तीन कंपन्यांचे रोबो बघून झालेत माझे,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “सगळे इतके सभ्य की माझ्या वॉर्डात त्यांना कोणी भीक घालणार नाही. माझ्या नर्सेसना कसं बोलायचं असतं, ते हिला माहीत आहे. हा आवाज कुणाचा?”

मोरेश्वरकाकांनी रेणूकडे बोट दाखवलं.

दुपारपर्यंत ही गोष्ट सगळ्या इमारतींत पसरली होती. कॅफेटेरियाच्या रांगेत लोक तिला बघून ‘सार्का जी!’ म्हणत बाजूला होत होते, आणि बाजूला होताना वाकतही होते. रेणू आधी मान खाली घालून जात होती, मग तिला हसू आवरेनाच. सही घ्यायला कोणी कागद पुढे केला नाही एवढंच.

हॉस्पिटलनं होकार कळवला. अट एकच: आवाज हाच, पण इंग्रजीत.

आणि तिथेच गाडी अडली. कंपनीनं सिॲटलमधला स्टुडिओ घेतला, रेणूला काचेच्या खोलीत माइकसमोर उभं केलं. ती म्हणाली, “प्लीज मूव्ह. आय हॅव मेडिसिन.” आवाज असा, की जणू रजेचा अर्ज करतेय. पुन्हा केलं, पुन्हा तेच. काचेमागचा साउंडवाला शांतपणे कॉफी पीत होता. अनिका कपाळ चोळत होती.

“थांबा,” मोरेश्वरकाका म्हणाले. ते दार उघडून आत आले, रेणू आणि माइक यांच्या मधोमध उभे राहिले आणि फोन काढून अगदी सावकाश क्रिकेटचा स्कोअर बघायला लागले.

“काका, सरका ना.”

“अं? हो हो.” ते एक पाऊल सरकले. भलत्याच बाजूला.

“काका, मला दिसत नाहीये.”

“पाच विकेट गेल्या गं. ऐक ना.”

“अहो काका! मूव्ह, आय सेड! पीपल आर सिक, अँड यू आर स्टँडिंग हिअर लाइक अ लॅम्पपोस्ट!”

साउंडवाल्याची कॉफी सांडली. अनिका खुर्चीवरून उठून नाचायलाच लागली. “दॅट! दॅट! आत्ता बोललीस तस्साच आवाज!”

“अजून एक हवं, लिफ्टचं,” साउंडवाला माइकमधून म्हणाला. पण रेणू तोवर पोट धरून खाली बसली होती, काका भिंतीला टेकले होते, आणि ती उठून तोंड उघडायची की काका ‘लॅम्पपोस्ट’ असं पुटपुटायचे आणि ती पुन्हा खाली बसायची. शेवटी अनिकानं काकांना दंडाला धरून पार रस्त्यापर्यंत नेऊन सोडलं आणि स्टुडिओचं दार आतून लावून घेतलं. ते बाहेर पावसात उभे राहून दाराच्या काचेतून हात हलवत राहिले.