टेबलाखालची झोळी

आमचं बोईसरचं छोटं कॉलेज पालघरच्या मोठ्या कॉलेजात विलीन करायचं ठरलं, तेव्हा पाहणीला समिती आली. आदल्या दिवशी केदार सर, आमचे प्राचार्य, म्हणाले, "वाचनालयाशेजारच्या खोलीतली ती झोळी सोडा. पाहुण्यांसमोर बरं नाही दिसत."

जुन्या साडीची झोळी. तीत आळीपाळीनं दोन बाळं निजायची, माझा कुशल आणि शेवटच्या वर्षातल्या माझ्या विद्यार्थिनीची, सोमीची मोनाली. मी शिकवायला आणि ती शिकायला वर्गात असलो की शिपाई साखरबाई झोका द्यायच्या.

"लपवायला ती काय दारूची बाटली हाय?" म्हणत साखरबाईंनी गाठी सोडल्या. दुसऱ्या दिवशी समितीनं विचारलं, "या खोलीत काय चालतं?" सर म्हणाले, "विशेष काही नाही."

मग पालघरच्या नव्या मांडणीत बाळांसाठी जागा कुठून येणार?

साखरबाई बोईसरलाच राहिल्या. आम्ही पालघरला निघताना त्यांनी ती साडी धुऊन, घडी घालून माझ्या पिशवीत ठेवली. कुशल आता सासूबाईंजवळ असतो. दिवसभर किरकिरतो म्हणे.

पालघरला पहिल्याच आठवड्यात सोमी मोनालीला कडेवर घेऊन फाटकाशी थांबलेली. "मॅडम, आय भाताच्या लावनीला जाते. हिला कुटं ठेऊ? ऱ्हाऊ द्या आता कॉलेज."

"थांब इथंच," म्हटलं आणि इथल्या उपप्राचार्य रूपल मॅडमांकडे जाऊन बाळांसाठी एक खोली मागितली. त्यांच्यासमोरचा चहा गार झालेला.

"पाहणीत तसं काही दिसलं नाही हो," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी बघू."

सोमीला पुढचं वर्ष नव्हतंच.

वर्गातलं टेबल आमच्याच कॉलेजातून आलेलं, जड सागवानी. साडी त्याच्यावरून घेतली, खाली गाठ मारली. मोनालीला आत निजवलं. झोळी जमिनीपासून वीतभर वर लोंबली.

"पडंल, मॅडम."

"साखरबाईंसारखी गाठ आहे. बस जागेवर."

मी मागणी-पुरवठा शिकवत होते, पाय झोळीला झोका देत होता. मागून मिथुन म्हणाला, "मॅडम, आमाला पन झोप येते. आमची झोळी?" वर्ग हसला. सोमीसुद्धा.

तेवढ्यात दार उघडलं. रूपल मॅडम. हसू थांबलं. त्यांनी टेबलाखाली पाहिलं, मग सोमीकडे, मग माझ्या पायाकडे.

"दार लावून घेत जा," त्या हळूच म्हणाल्या. "व्हरांड्यात फार गोंगाट असतो, जागी होईल."

आणि स्वतःच दार ओढून घेतलं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा पोटरी ठणकत होती. कुशल मात्र माझ्याच झोक्यासाठी जागा राहिला होता. त्यालाही त्याच पायानं झोका दिला.