चाकांचं लोणचं

नंदकुमार साळगावकरांना यात मिळायचं होतं भरपूर. रविवारी क्लबच्या गाड्या तपासणारा चेंबूरचा सुबोध येऊन त्यांची जीप पास करणार, मग कोकणातल्या किनाऱ्यावरच्या सफरीत साळगावकर सगळ्यांत पुढे, मागे अकरा गाड्या आणि अकरा तोंडांतून 'लीडर' ही हाक. त्यासाठी पाच लोखंडी चाकं बिनगंजाची दाखवायची, एवढंच.

पण काळ्या रंगाखालून तांबूस फोड वर आले होते. शुक्रवारी मरोळला धोंडिराम पेंटरने पेचकसाने टोकरलं, तर पापुद्राच हातात आला.

"धुता का चाकं?"

"रोज! न चुकता, अर्धा तास."

"कुठल्या पाण्यानं?"

"सोसायटीच्या बोअरच्या. गोड्या पाण्यानं गाडी धुवायला बंदी आहे. मीच केलीय, सेक्रेटरी आहे मी."

जोगेश्वरीतल्या त्या बोअरचं पाणी इतकं खारट, की बादल्यांवर पांढरे थर बसायचे. धोंडिराम मनापासून हसला. "साहेब, लोणचं घातलंत की चाकांचं! आता टायर उतरवा, पार पत्र्यापर्यंत घासा, प्रायमर मारा, मग रंग. चार दिवस लागतील. पुढं गोडं पाणी, आणि लगेच पुसायचं."

चार दिवस? साळगावकरांनी काळ्या स्प्रेचा डबा घेतला आणि शनिवारी गंजावरच फवारला. बायको म्हणाली, "अहो, निदान घासा तरी." तिला रंगातलं काय कळतं, असं त्यांचं मत होतं. त्यांना कळत होतं, याला पुरावा नव्हता.

रविवारी सकाळी सहाला सेक्रेटरींनी स्वतःची बंदी मोडली. पिण्याच्या टाकीच्या नळाला पाइप लावला, चाकावर सोडला आणि दाढी करायला वर गेले. दाढी, आंघोळ, नवा टी-शर्ट असं करत खाली उतरले तेव्हा नऊ वाजले होते, सुबोध चाकाशी उकिडवा बसला होता आणि पाइपातून नुसती हवा येत होती.

सुबोधने अंगठा घासला. काळं निघालं, तांबडं उरलं.

"काका, हा रंग नाही हो, मेकअप आहे. असल्या रिमवर वाळूत टायरची हवा कमी केली, की टायर सुटलाच. तुम्ही यंदा घरीच बसा."

तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या प्रेमाकाकू रिकामी कळशी घेऊन खाली आल्या. पाइप बघितला, ओली जीप बघितली.

"सेक्रेटरीनू, पाणी खंय गेला?"

"मोटर बिघडली बहुतेक," साळगावकर म्हणाले.

दुपारी टँकर आला, तीन हजारांचा. महिन्याच्या बिलात 'तातडीचं पाणी' म्हणून वीस घरांत वाटला गेला. दीडशे प्रेमाकाकूंनी भरले, दीडशे साळगावकरांनीही, आणि उरलेले दोन हजार सातशे त्या अठरा घरांनी, ज्यांनी जीपमध्ये कधी पाऊलही ठेवलं नव्हतं.